चार फेऱ्यांचं वळण

ताईसाठी वाट सोपी केली, असं सगूमामांनी मला कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातात ताकाचा तांब्या होता आणि ताईला उतारावर सोडून तीन मिनिटं झाली होती.

वाट सोपी केली म्हणून कुणाच्या तोंडचं पाणी पळतं का, असं तुम्ही विचाराल. पळतं. माझं पळालं. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल, पण मी पाल्हाळ लावणार नाही. तेवढा धीर माझ्यात कधीच नव्हता.

करंदोलीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, दर फेब्रुवारीत आमची एंडुरो होते. डोंगरी सायकलची शर्यत, पण चढाची वेळ मोजत नाहीत. चढ गप्पा मारत चढा, सायकल ढकलत चढा, कुणी विचारत नाही. वेळ मोजायची ती फक्त चार उतारांची. ऐकायला सोपं आहे. उतार मात्र असे, की पंधरा वर्षं आमच्याकडे तीच ती तीस-पस्तीस माणसं येत आणि त्यातली दोघं-तिघं गळ्याचं हाड मोडून घेऊन घरी जात. नवखा माणूस एकदा काठावरून खाली वाकून बघे आणि सायकल गाडीला बांधून चालू लागे. नवख्यांना आणायचं कसं, हा मंडळाच्या प्रत्येक बैठकीतला विषय. वाट सोपी करा, असं कुणीतरी म्हणे. वाट सोपी केली तर मग एंडुरो कसली, असं दुसरं कुणीतरी फटकन म्हणे. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी, केतकी.

मग निरंजनने तोलपट्टा आणला. निरंजन तांबवेकर हा कानाचा डॉक्टर, वर इंजिनिअर, आणि सायकलवर अगदीच सुमार. म्हणूनच बहुधा त्याला हे सुचलं.

आपल्या कानात, ऐकण्याच्या भागाला लागून, द्रवाने भरलेल्या तीन बारीक नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या असतात. डोकं कललं की आतला द्रव हलतो, सूक्ष्म केस वाकतात आणि तिथली नस मेंदूला कळवते, की झुकलास, सावर. मेंदू यावर विचार करत बसत नाही. विचार पोचायच्या आत अंग सावरलेलं असतं. कानामागच्या हाडावर अगदी क्षीण वीज सोडली, तर ती नस केसांना न विचारताच परस्पर निरोप धाडते. मेंदूला वाटतं आपण कललो, आणि अंग आपोआप दुसऱ्या बाजूला झुकतं. डॉक्टरांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. निरंजनने इतकंच केलं, की मुरलेल्या स्वाराचं अंग एका ठरावीक उतारावर कुठे, किती आणि कसं झुकतं ते टिपलं, आणि तेच झुकणं नवख्याच्या कानामागे जसंच्या तसं पुन्हा उमटवलं. हेल्मेटच्या आत एक पट्टा. ब्रेक ज्याचा त्याने लावायचा, त्यासाठी मनगटाला एक ठोका. एवढ्यावर बँकेत बसणारी, पोटं सुटलेली माणसं आमच्या कड्यांवरून हसत खाली यायला लागली.

आपण उतारावर नेमके कुठे आहोत, हे पट्ट्याला कसं कळतं? उपग्रहाचा हिशेब झाडीत आणि कड्याच्या पोटात दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतो. म्हणून निरंजनने पुढच्या चाकाच्या फेऱ्या धरल्या. सुरुवातीच्या फळीपासून इतक्या फेऱ्या झाल्या की डावीकडे झुक, इतक्या झाल्या की उजवीकडे. चाकाची फेरी म्हणजे सव्वादोन मीटर. चाक खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

आणि त्यात टिपलेलं अंग माझं होतं.

टिपून झालं त्याच वर्षी, चौथ्या उतारावर, मी पडले. पाय फाटला, जखम चिघळली, आणि पाय वाचवायला जी जालीम इंजेक्शनं दिली त्यांनी पाय वाचवला आणि दोन्ही कानांतले ते तोलाचे केस मारून टाकले. ऐकू छान येतं. तोल तेवढा गेला. चालताना समोरचं जग हिंदकळतं, डोळे मिटले तर मी भिंतीसारखी कोसळते. निरंजन तीन वर्षं मागे लागला होता, की केस मेले तरी नस जिवंत असेल, पट्टा एकदा लावून तर बघ. मी नाही लावला. नस मेलेली निघाली तर उरलीसुरली आशाही गेली, आणि जिवंत निघाली तर मला माझाच तोल उसना घेऊन जगावं लागणार. दोन्हीची मला भीती वाटत होती. ती मी रागाखाली लपवली, कारण राग मला चांगला जमतो.

ही तीन वर्षं माझा तोल म्हणजे ताई. स्नेहलताई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, कराडच्या शाळेत गणित शिकवते. सुरुवातीला मला आंघोळ तिने घातली. आजही रस्त्याने निघालो की ती माझ्या डाव्या बाजूला येते आणि कोपर धरते, न बोलता. मी तिच्यावर खेकसते, ती ऐकून घेते. माझ्या सायकलीवर तिने आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं, आणि यंदा अचानक म्हणाली, की नवख्यांच्या गटात माझं नाव घाल. का गं, म्हटलं. तर म्हणाली, तुझं एवढं काय गेलं ते मला एकदा अंगावर घेऊन बघायचंय.

मी तिचं नाव पहिलं घातलं. पहिली सुटायचा मान.

दोन दिवस आधी सरावाची फेरी झाली. ताईने चारही उतार माझ्या तोलाने उतरून काढले आणि संध्याकाळी माझ्या गळ्यात पडून रडली. शर्यतीच्या सकाळी मी सगळ्या नवख्यांना रांगेत उभं करून दम दिला, की काहीही होवो, कुणीही हाक मारो, पट्टा चालू असताना मधे थांबायचं नाही. पहिल्या वर्षी एकजण मधेच थांबला होता आणि पुन्हा निघताना भोवळ येऊन पडला होता. ताई पहिल्या रांगेत उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी मान डोलावत होती.

आता सगूमामा. सगू झोरे, सड्याच्या पोटातल्या धनगरवाड्यातले, साठी उलटलेली. आमच्या वाटा तेच राखतात. त्यांच्या वाड्यात एक रीत आहे. सासरी गेलेली लेक किंवा बहीण वर यायची असली, की आदल्या संध्याकाळी घरचा पुरुष खाली उतरून तिची वाट साफ करतो. काटे तोडायचे, सुटे दगड बाजूला करायचे, अवघड जागी पाऊल ठरेल एवढी माती कापायची. न सांगता करायचं. वाट मऊ लागली की बाईनेच ओळखायचं, कुणी केलं ते.

मी मामांना बजावलं होतं, की तिसऱ्या उतारावरच्या दगडाला हात लावायचा नाही. कारण सांगितलं नव्हतं. मी माणसांना कारणं सांगत नाही, हुकूम सोडते.

तिसऱ्या उताराच्या माथ्यावर, मांडवात खुर्ची टाकून मी बसले होते. ताई गेली, फळीशी पुढचा नवखा उभा राहिला, सांगलीचा एक दातांचा डॉक्टर. मामा ताक घेऊन आले. ताईसाहेबांना वाट कशी लागली, विचारत होते. कसली वाट, म्हटलं.

“दगडाला हात न्हाई लावला, बाय,” मामा म्हणाले. “तुमी नको म्हनलावता. दगडाच्या कडंनं वळान काढलं काल सांजच्याला. तुमची भन येनार, तिला त्या दगडावनं कशाला उडी मारायला लावायची?”

किती लांबीचं वळण, म्हणून मी विचारलं. त्यांनी मांडवाच्या या खांबापासून जीपपर्यंत बोट फिरवलं. दगडावरून सरळ गेलं तर जेवढं, त्याहून आठ-नऊ मीटर जास्त.

चार फेऱ्या.

दगडापर्यंतचं सगळं बरोबर होतं. त्यापुढे चाक चार फेऱ्या जास्त मोजणार होतं. दगडानंतर तीसेक मीटरची अरुंद सरळ पट्टी आहे, डाव्या हाताला नाळ, म्हणजे उभी घळ, दीडशे फूट खोल. पट्टी संपते तिथे वाट डावीकडे वळते. पट्टा ताईला ते वळण नऊ मीटर आधी देणार होता. सरळ वाटेवर तिचं अंग डावीकडे झुकणार होतं, नाळेत. आणि ती बिचकणारसुद्धा नव्हती, कारण बिचकायला वेळच मिळू नये अशीच तर सगळी सोय आम्ही केली होती.

मी वॉकीटॉकी उचलला. ओढ्याशी आमचा एक माणूस होता, त्याच्याकडून नुसती खरखर आली. ताईचा फोन माझ्याच पिशवीत. ताईला थांबवा, ती नाळेत जाईल, एवढंच मी मामांना सांगितलं. तांब्या टाकून ते शेळ्यांच्या वाटेने धावत सुटले, पण ती वाट म्हणजे पाव तास. सरावात ताईला दगडापर्यंत बारा मिनिटं लागली होती. त्यातली पाच संपली होती.

मला तो उतार दगडापर्यंत पाच मिनिटांत जमायचा. तीन वर्षांपूर्वी.

मी त्या दातांच्या डॉक्टरला हेल्मेट काढायला सांगितलं. त्याने माझ्या काठीकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि काढून दिलं. निरंजन आडवा आला. नस जिवंत आहे की नाही तेच ठाऊक नाही, असं तो म्हणाला, नसली तर तू पहिल्या वळणावर मरशील, केतकी. त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला म्हटलं, आता कुणाला सोडू नकोस, आणि बाजूला हो. हेल्मेट डोक्यावर चढवलं. दोघांनी मला धरून त्या डॉक्टरच्याच सायकलवर बसवलं. जग नेहमीसारखं हिंदकळत होतं, आणि तसंच त्यांनी मला फळीवरून ढकललं.

पहिल्या दोन फेऱ्या काहीच नाही. सायकल भेलकांडली, मला वाटलं, संपलं.

मग कानामागे मुंगी चावल्यासारखं झालं आणि जग थांबलं.

कसं सांगू तुम्हाला. तीन वर्षं हलणारं सगळं जागच्या जागी उभं राहिलं. प्रत्येक झुडूप, प्रत्येक खडा. माझी कंबर उजवीकडे गेली आणि तिथे वळण होतं. गुडघे सैल झाले आणि तिथे खड्डा होता. ते अंग माझंच होतं, मी ओळखलं त्याला, आणि मला इतका आनंद झाला की मी ओरडले. माझी बहीण मरायला निघाली होती आणि मी आनंदाने ओरडत होते. ही गोष्ट मी अजून ताईला सांगितलेली नाही.

ब्रेकला मी बोट लावलं नाही. ओढ्यापाशी आमचा माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. ओढा ओलांडून चढणीचा छोटा उंचवटा पार केला आणि कारवीच्या वाळक्या काटक्यांमधून ताईचं पिवळं जाकीट दिसलं, पन्नासेक मीटर पुढे.

जीव एकवटून मी हाक मारली, ताई, थांब.

तिने ऐकलं. मान न वळवता, आनंदाने ओरडून उत्तर दिलं, “थांबायचं नाही ना!”

माझा आवाजही तिने ओळखला नव्हता. मी तिथे सायकलवर असेन, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा ओरडले, नाव घेतलं, शिव्या दिल्या. ती माझा हुकूम पाळत होती. सगूमामांनी पाळला होता, तसाच. आयुष्यात पहिल्यांदाच माझं सगळ्यांनी ऐकलं होतं.

दगड आला. घराच्या ओट्याएवढा, पलीकडे छातीभर खोल उडी. त्याच्या उजव्या अंगाने मामांनी कापलेलं ताजं तांबडं वळण, कडेने दगड रचलेले, किती निगुतीने काढलेलं. ताई आमच्या सगळ्यांच्या शिकवणीप्रमाणे दिसेल त्या वाटेने वळली. वाट जिकडे साफ दिसते तिकडे जायचं, हेही मीच सांगितलेलं. आमच्यात आता वीस मीटर होते आणि तिच्या मागून जाऊन मी तिला गाठणं शक्य नव्हतं. पट्टीवर दोन सायकली मावत नाहीत.

पण माझा पट्टा मला सरळ दगडावर नेत होता. तीन वर्षांपूर्वी मी तिथूनच गेले होते. मामांनी दगडाला हात लावला नव्हता.

मी अंगाला अडवलं नाही. चाकं सुटली, आणि जमीन जिथे असायला हवी होती तिथेच होती. वळणातून ताई बाहेर पडत होती, आणि मी तिच्यापुढे दोन सायकलींच्या अंतरावर होते. पट्टीवर शिरले, मागे वळून पाहिलं, दोन्ही ब्रेक आवळले, वीसेक मीटर फरफटत गेले आणि सायकल वाटेवर आडवी घातली.

ताईने मला पाहिलं. तिने ब्रेक दाबले, चाक फरफटत माझ्या सायकलवर आदळलं, आणि त्याच क्षणी, सरळ वाटेवर, तिचं अंग डावीकडे झुकलं. अगदी सफाईने, माझ्यासारखं. चेहऱ्यावर अजून हसू होतं. मी तिच्या जाकिटाला दोन्ही हातांनी धरलं आणि उजवीकडच्या कारवीत स्वतःला टाकून दिलं. ती माझ्या अंगावर पडली. तिची सायकल नाळेत गेली. खाली पोचायला तिला बराच वेळ लागला.

तो आवाज ऐकल्यावर ताईचं हसू गेलं. तिने काठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हेल्मेटकडे.

“केतू, तू आलीस कशी?”

मी हेल्मेट काढलं, आणि जग पुन्हा हिंदकळायला लागलं. मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडले. हात तिने सवयीने माझ्या डाव्या कोपराला घातला होता.

मामा पोचले तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता. दोघींना जिवंत बघून ते मटकन खाली बसले आणि कपाळ बडवून घ्यायला लागले. पाठोपाठ निरंजन पायी उतरून आला. त्याने आधी आम्हाला तपासलं. माझं मनगट मोडलं होतं, बाकी खरचटण्यावर निभावलं होतं. मग त्याचे डोळे चमकायला लागले. नस जिवंत आहे, म्हणाला, दोन्ही बाजूंची. हे वळण आज बुजवून टाकू, वाट होती तशी करू, मग तू रोज येऊन उतर. जन्मभर उतर. फक्त चारही उतारांवर खडासुद्धा हलता कामा नये.

घरातल्या चालण्यासाठी पट्टा होईल का, मी विचारलं. नाही, तो म्हणाला. टिपलेला तोल टिपलेल्या वाटेवरच चालतो, हे मलाही ठाऊक होतं. नवी वाट टिपायला आता माझं ते अंगच नव्हतं. म्हणजे या डोंगराचे चार उतार, तेवढंच माझं जग स्थिर, तेही डोंगर जागचा हलला नाही तर.

मामा उठून उभे राहिले होते. तासाभरात बुजवतो, म्हणाले, आणि परत कधी कशाला हात लावनार न्हाई. त्यांचा आवाज ऐकून मला कसंतरी झालं. हा माणूस चाळीस वर्षं लेकीबहिणींच्या वाटा साफ करत आलेला, आणि आता माझ्यासाठी दगडमातीला घाबरणार.

“बुजवा म्हण,” ताई हलकेच म्हणाली. “मी पाहिलंय ते काय असतं. सोडू नकोस, केतू.”

कंबरेत अजून ती वळणं होती. आजही आहेत, रोज पहाटे जाग येताना असतात आणि पाय खाली टेकला की जातात. मला ते हवं होतं. तुम्हाला वाटेल मी फार उदार होऊन ठरवलं, तर तसं काही नव्हतं, मी अक्षरशः दात आवळून बसले होते. पण ताईचं हसू मी पाहिलं होतं, नाळेवर झुकतानाचं. माझ्या तोलाने ती मरायला निघाली होती, आणि तिला सोपी वाट द्यायचं एका म्हाताऱ्या माणसाला सुचलं होतं. मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

मी निरंजनला म्हटलं, माझं टिपलेलं सगळं पुसून टाक. चारही उतार. तो हादरला. पुन्हा कधी मिळणार नाही हे, असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला पुन्हा तेच सांगितलं. मग मामांकडे वळले. आधी दगडाचं कारण सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं, चाकाच्या फेऱ्यांपासून सगळं. चूक माझी होती, हेही सांगितलं.

“म्हंजी वळान बुजवायचं न्हाई?” त्यांनी विचारलं.

“नाही, मामा. अशी अजून काढा, सगळ्या अवघड जागी. नवखी माणसं येतील, सावकाश उतरतील.” मी ताईच्या दंडाला धरून उठायचा प्रयत्न केला. वाट आणि नाळ दोन्ही डोळ्यांसमोर हलत होत्या. “आणि हे जरा रुंद करा. आम्हा दोघींना शेजारी शेजारी चालता येईल एवढं.”

मामांनी कंबरेची कोयती काढली आणि कडेची कारवी तोडायला घेतली.